तीन ठिपक्यांचे शॉकअप

बंद वस्तू बंद ठेवणं मला जमत नाही. लहानपणी मी घरातलं गजराचं घड्याळ उघडलं होतं, लग्नानंतर सासूबाईंचा मिक्सर. नशिबाने नोकरीही तशीच मिळाली. चाकणच्या एका कंपनीत मी दुचाकीच्या शॉकअपची, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या दांड्यांची, चाचणी घेते. मशीन दिवसभर शॉकअप दाबतं, सोडतं, पुन्हा दाबतं, आणि तो कधी मान टाकतो याची मी वाट बघत बसते. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

गेल्या वर्षी देहूरोडच्या एका भंगारवाल्याकडे मला एक जुनी येझदी मोटरसायकल दिसली. मडगार्ड कापलेले, हँडल उंच, टायर मातीत चालायचे आणि टाकीला डावीकडे नारळ मावेल एवढा पोचा. मातीच्या ट्रॅकवर पळवलेली गाडी होती ती. ऐंशी-नव्वदच्या काळात आपल्याकडे अशा रेसचं भलतंच वेड होतं. रेससाठी वेगळी गाडी परवडायची कुणाला? लोक रस्त्यावरचीच गाडी कापून, जोडून ट्रॅकवर आणायचे. पण अशी गाडी उडी मारून खाली येते तेव्हा सगळा भार मागच्या दोन शॉकअपवर पडतो, आणि मूळचे शॉकअप असतात डबा घेऊन कामावर जायच्या बेताचे. पैसेवाले परदेशातून शॉकअप मागवायचे. बाकीचे जुगाड करायचे.

या येझदीचे शॉकअप ना मूळचे होते ना परदेशी. चार बोटं जास्त लांब, लेथवर हाताने कातलेले, आणि दोन्हींच्या खालच्या कडीवर पंचने मारलेले तीन ठिपके. मी गाडी घेऊन टाकली. नवरा म्हणाला, "मंजुषा, घरात आधीच एक बंद पडलेली वस्तू आहे, तिच्याकडेही कधी बघ." स्वतःच्या पाठदुखीबद्दल बोलत होता तो. मी लक्ष दिलं नाही.

जुन्या रेसवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आहे. तिथे सगळ्यांचे गुडघे गेलेत आणि सगळेच एकेकाळचे चॅम्पियन. 'आजकालच्या पोरांना आयते शॉकअप मिळतात' हे रोज सकाळी कुणी ना कुणी लिहितंच. मी ठिपक्यांचा फोटो टाकला. दहा मिनिटांत एक उत्तर आलं: 'तीन ठिपके म्हणजे ज्योतीराम. संत तुकाराम नगर. असला तर भेटेल.'

ज्योतीरामकाका होते. त्र्याहत्तर वर्षांचे, सडपातळ, बनियनच्या खिशात चष्मा. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी मी शॉकअपबद्दल विचारायला आले म्हटल्यावर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वसुलीला आले. काका मात्र खुलले. औशाकडचं गाव, विसाव्या वर्षी पिंपरीत आले, एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर लागले.

"परदेशी शॉकअप म्या हात लावून कधी बगितलाच न्हाई," ते म्हणाले. "रेसला मोठ्या लोकांच्या गाड्या स्टँडवर लावलेल्या राहायच्या. जवळ गेलं की हाकलायचे. मग म्या बुटाची लेस सोडायचो आन् तिथंच बसून बांधायचो. बांधता बांधता वितीनं माप घ्यायचं. त्या वर्षी माझी लेस लई वेळा सुटली बगा."

मालकाला विचारून रद्द झालेले दांडे घ्यायचे, भोसरीच्या स्प्रिंगवाल्याकडून स्प्रिंग वळून आणायची, आत भरायच्या तेलात शिवणयंत्राचं तेल अंदाजाने मिसळायचं. मी विचारलं, अंदाज म्हणजे किती? ते हसले आणि उठून दिवाणाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून दाखवू लागले. सीट दाबताना 'राम' म्हणायचं, सोडल्यावर 'कृष्ण हरी'. 'हरी' पुरा व्हायच्या आत गाडी वर आली तर तेल पातळ. 'हरी' म्हणून झालं तरी येतच राहिली तर जाड. तीन शब्द बरोबर बसले की मगच तीन ठिपके मारायचे.

मी खरं सांगते, मला हसू आलं होतं. सोमवारी उजवा शॉकअप कंपनीत नेला. त्याच्यात अजून जीव होता. मशीनने आलेख काढला: दाबायला जेवढा वेळ, त्याच्या जवळजवळ दुप्पट सुटायला. आमच्याकडे एवढं गणित करायला चार इंजिनिअर बसतात. हसू गेलं.

पण त्या पहिल्याच भेटीत एक गोष्ट घडली होती. काका सांगवीच्या रोहिदासबद्दल सांगत होते. शेतकऱ्याचा पोरगा, वाऱ्यासारखा पळायचा, ज्योतीरामच्या शॉकअपशिवाय गाडीला पाय लावायचा नाही. एका वर्षी खंडेनवमीला काकांनी त्याला नवी जोडी बसवून दिली. दसऱ्याला सांगवीत गाडीची पूजा झाली. रोहिदासच्या आईने, अंबुबाईंनी, टाकीला हळदकुंकू लावलं, दिव्याला लावलं, मग वाकून विचारलं, "ह्यात तुझं काय हाय रं?" काकांनी शॉकअप दाखवले. तर त्या माउलीने दोन्ही शॉकअपना बोटं भरून ओलं कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या.

"माझ्या कामाला तेवढा मान कुनीच दिला न्हवता ताई," ते म्हणाले. "फुडचं राहू द्या."

पुढचं राहू देणं मला कुठलं जमायला? मी मोबाइलवर गाडीचा फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, टाकीच्या पोच्यावर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा विझला. ही तीच गाडी होती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी रेस झाली. दुसऱ्याच फेरीत रोहिदास उडी मारून खाली आला, गाडीचं मागचं चाक एका अंगाला उधळलं आणि तो गाडीखाली गेला. मांडीचं हाड तीन जागी मोडलं. दवाखान्याच्या दारात रोहिदासचा चुलता काकांना सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या डबड्यानं पोरगं लंगडं केलं." लोक शॉकअप परत आणून देऊ लागले. गाडी कुणीतरी विकून टाकली. काका पुन्हा सांगवीला गेले नाहीत आणि त्यांनी पुन्हा एकही शॉकअप केला नाही. चौतीस वर्षं एकच प्रश्न घेऊन हा माणूस जगत होता: डावीकडच्या दांड्याचं नट मी नीट आवळलं होतं का?

"मग उघडून बघू," मी म्हणाले.

"नगं. उघडू नगा ताई." ते इतक्या घाईने म्हणाले की कुसुमताई आतून बाहेर आल्या. त्यांची नजर बघून मी उठले.

घरी आल्यावर मात्र मी दोनदा प्रयत्न केला. हो, केला. लाज वाटते, पण केला. झाकणाला दोन बारीक भोकं होती आणि माझं एकही हत्यार त्यात बसेना.

बारा दिवसांनी, रविवारी सकाळी आठला, काका आमच्या चिंचवडच्या दारात उभे. हातात कापडी पिशवी. पिशवीत दोन खुंट्यांचा एक पाना, स्वतः बनवलेला, तेल लावून जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. शॉकअप करणं सोडलं, पण पाना ठेवला होता.

"झोप यीना," ते म्हणाले. "उघडू. काय असंल ते असंल."

आधी उजवा उघडला. सगळं जागच्या जागी. मग डावा. काकांचा पाना भोकांत पहिल्या झटक्यात बसला. झाकण निघालं. त्यांनी आधी नट बघितलं. हलवून बघितलं, पान्याने बघितलं. ते तसूभरही हललं नव्हतं. काकांनी डोळे मिटले.

"मग तेल गेलं कुठे?" मी म्हणाले, कारण आत तेलाचा थेंब नव्हता. दांडा उजेडात धरला तर त्यावर एक उभा ओरखडा, वरपासून खालपर्यंत. तेल अडवणारं रबरी सील एका जागी फाटलेलं. आणि सीलच्या वर, धूळ अडवायच्या टोपीत, लालसर-काळा चिकटा. मला गंज वाटला. मी सुईने खरवडला तर त्यातून एक काळा दाणा बाहेर पडला. नखाने फोडला. आत पांढरा.

तांदळाचा दाणा होता. अक्षता.

मला समजायच्या आधी काकांना समजलं. ते मांडी घालून जमिनीवर बसले. दांडा नेहमी थोडा तेलकट असतो. त्यावर ओलं कुंकू आणि अक्षता चिकटल्या. रविवारी ट्रॅकवर शॉकअप दबला तसा तो दाणा दांड्याबरोबर आत ओढला गेला, सील फाटलं, एका फेरीत तेल वाहून गेलं, आणि दुसऱ्या फेरीच्या उडीला डावा शॉकअप रिकामा होता.

"काका, तुमची चूक नव्हती!" मी जवळजवळ ओरडलेच. मला इतका आनंद झाला होता की नवराही पाठ धरून बाहेर आला.

काका रडत होते. "म्या तिथंच उभा होतो ताई. दांड्यावर कुंकू दिसत होतं मला. पुसावं वाटलं, खिशात फडकंबी होतं. पन आईनं लावलेलं कुंकू पुसायचं कसं?"

मीसुद्धा पुसलं नसतं.

नवी सीलं बसवली, तेल भरलं. काकांनी सीट दाबली, आम्ही दोघांनी म्हटलं, आणि 'हरी'वर गाडी बरोबर थांबली. मग मी ग्रुपवरून नंबर मिळवला आणि त्यांनी रोहिदासना फोन लावला. पलीकडून इतक्या मोठ्याने आवाज आला की मलाही ऐकू आलं: "चौतीस वर्सं कुठं मेला व्हतास राव?"

पुढच्या रविवारी टेम्पोत गाडी घालून आम्ही सांगवीला गेलो. जुन्या घराच्या जागी आता चार मजली इमारत, खाली भाड्याचे गाळे. रोहिदास लंगडत पुढे आले, गाडीकडे न बघता काकांच्या गळ्यात पडले. मग गाडीकडे वळले आणि दोन्ही हातांनी सीट दाबली.

"राम," ते म्हणाले. गाडी सावकाश वर आली. "कृष्ण हरी. आयला, तेच हाय की!" नंतर जरा थांबून त्यांनी विचारलं, "उघडलं व्हतं न्हवं? काय निघालं आत?"

दारात खुर्चीवर अंबुबाई बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, पण कान शाबूत. त्यांची मान आमच्याकडे वळली.

मी तोंड उघडलं. ज्या उत्तरासाठी काका चौतीस वर्षं तळमळले ते माझ्या पर्समध्ये, कागदाच्या पुडीत होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि मी तोंड मिटलं.

"सील हलकं निघालं," ते रोहिदासना म्हणाले. "माझीच चूक. चांगलं घ्यायला पायजे होतं."

मला त्यांचा राग आला, खरंच आला. एवढं करून, हातात पुरावा असताना? पण त्यांचा चेहरा मी पाहत होते. तो विझलेला नव्हता. त्यांना स्वतःला कळलं होतं आणि तेवढं त्यांना पुरलं होतं.

रोहिदास म्हणाले, "सोड रं. म्याबी उडी जास्तीच घेतली व्हती."

"व्हय," अंबुबाई म्हणाल्या. "चुकतंय मानूस. हात तर चांगलाच हाय त्याचा. पूनम, ताट आन गं. गाडी घरी आली."

नातसुनेने हळदकुंकवाचं ताट आणलं. अंबुबाई तिच्या खांद्याला धरून उठल्या. टाकीला कुंकू लावलं, दिव्याला लावलं, आणि मग, मला वाटलंच होतं, वाकून शॉकअप शोधू लागल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. बोटं ओल्या कुंकवाने भरलेली होती.

काका पटकन गाडीशेजारी बसले, बुटाची लेस बांधायला बसावं तसे, आणि त्यांनी दांड्यावर आपला पंजा ठेवला. अंबुबाईंनी चाचपून त्या पंजावर कुंकू लावलं, वर चिमूटभर अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

परत येताना टेम्पोत काकांनी तो हात कुठेच टेकवला नाही. पिंपरी आली तरी तसाच अधांतरी धरून बसले होते.