मानारोलाच्या पायऱ्या आणि चमचाभर मध

इटलीला जायचं ठरलं ते एका व्हिडिओमुळे. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. माझे मिस्टर धनपाल यांना बागायतदारांच्या ग्रुपवर कुणीतरी तो पाठवला होता. समुद्राच्या कड्यावर पायऱ्यांसारख्या रचलेल्या दगडी ताली, तालींवर द्राक्षवेली, आणि काढलेली द्राक्षं खाली आणायला एकाच रुळावरून सरकणारी खेळण्यासारखी गाडी. आठवडाभर त्यांनी तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. मग एकदा जेवताना म्हणाले, "पद्मा, हे डोळ्यांनी बघायला पायजे."

लग्नाला तीस वर्षं झाली, पण या माणसानं आपणहून कुठं जाऊया म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांचं मन बदलायच्या आत मी पुण्याच्या लेकीला फोन लावला.

एप्रिलची छाटणी उरकल्यावर बाग जरा उसंत देते, म्हणून जुलै धरला. व्हिसाची तयारी दोन-अडीच महिने आधी सुरू करा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं आणि तारीख पटकन मिळत नाही. खरी काळजी होती जेवणाची. आम्ही जैन. अंडं चालत नाही, कंदमुळं चालत नाहीत, आणि सूर्य मावळायच्या आत जेवायचं. तिथली हॉटेलं संध्याकाळी साडेसातशिवाय चूल पेटवत नाहीत असं ऐकलं होतं. पण जुलैत तिकडं नऊ वाजेपर्यंत ऊन असतं, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला. 'कांदा नको, लसूण नको, अंडं नको' हे लेकीनं इटालियनमध्ये एका कार्डावर लिहून दिलं. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट घेतलं. यांना मधुमेह आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळी घेतली की पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. खिशात साखर ठेवा."

साताऱ्याहून पुढं मुंबईपर्यंत हे बसमध्ये शांत झोपले. मी जागीच होते.

मिलानहून ला स्पेझिया या गावी रेल्वेनं गेलो. व्हिडिओतल्या कड्यावर ओळीनं पाच गावं आहेत, तिथं राहणं महाग पडतं. ला स्पेझियात राहून रोज रेल्वेनं जाणं बरं. दिवसभराचा एकच पास निघतो, त्यावर कितीही वेळा चढा-उतरा. कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या मशिनमध्ये शिक्का मारून घ्या. आम्हाला हे माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी तपासनिसानं तिकीट उलटंसुलटं करून बघितलं, आमच्या चेहऱ्यांकडं बघितलं आणि पेनानं वेळ लिहून सोडून दिलं. तेव्हापासून हे दर फलाटावर आधी मशीन शोधायचे.

दुसऱ्या दिवशी मानारोलाला जायचं होतं, व्हिडिओतल्या गावाला. सकाळी लॉजच्या नाश्त्यात सगळ्यात अंडं. यांनी एक केळं खाल्लं, काळी कॉफी घेतली आणि सवयीनं गोळीही घेतली. मी म्हटलं, गाडीत दशमी खा. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. दशमी पिशवीतच राहिली आणि पिशवी माझ्या खांद्याला.

मानारोलाला उतरलो आणि तिथंच आमचं बिनसलं. मला बोटीतून ती गावं समुद्राकडून बघायची होती. यांना वर जायचं होतं, वोलास्त्रा नावाच्या वाडीकडं, द्राक्षमळ्यांतून शेकडो पायऱ्या चढून.

"आवं, घरी द्राक्षं कमी हायत काय?" मी म्हटलं. "तीस वर्षं तेच बघतीय मी."

"तुला कोण चल म्हणतंय?" ते म्हणाले. "तू बोटीत बस. मी जाऊन येतो."

"मग जावा."

"एक वाजता स्टेशनावर."

आणि ते गेले. फोन त्यांच्या खिशात होता, पण तिथलं सिमकार्ड आम्ही एकच घेतलं होतं, माझ्या फोनात. पिशवी माझ्याकडंच राहिली. रागाच्या भरात दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

समुद्र खवळलेला, बोटी बंद. मी खडकावर बसून दोन दशम्या खाल्ल्या. लाल-पिवळ्या घरांची ती रांग फोटोत दिसते त्याहून सुंदर आहे, एवढं खरं. पण एकटीनं बघताना कशात जीव लागेना. पाऊण वाजताच स्टेशनवर जाऊन बसले.

एक वाजला. सव्वा. दीड. दर काही मिनिटांनी गाडी यायची, माणसांचा लोंढा उतरायचा, पांगायचा. हे कधी वेळ चुकवत नाहीत. औषध फवारायला मजूर पाच मिनिटं उशिरा आले तर बांधावर उभे राहून घड्याळ बघणारा माणूस. दोन वाजता पाणी प्यायला पिशवी उघडली आणि बाटलीशेजारी साखरेची डबी दिसली. बिस्किटंही होती. सकाळपासून त्यांच्या पोटात एक केळं. वर गोळी. वर ते ऊन, त्या पायऱ्या.

मी पिशवी खांद्याला मारून उठले.

तिकीट खिडकीतल्या बाईला तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिनं फोटो बघितला, खांदे उडवले. "येतील. उन्हाळ्यात सगळ्यांना उशीर होतो." इतक्यात कड्यावरून बचावपथकाचं हेलिकॉप्टर गेलं. मी तिच्याकडं बघितलं. तीही वर बघत होती. ते दुसऱ्या गावाच्या दिशेनं निघून गेलं. मग मात्र ती खिडकी सोडून बाहेर आली.

प्रश्न असा की मी वर गेले आणि हे दुसऱ्या वाटेनं खाली आले तर? मी वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं, 'इथंच बसा. मी वर गेलीय. पद्मा.' बाईनं तो कागद खिडकीच्या काचेला चिकटवला, माझा नंबर लिहून घेतला आणि चढावाकडं बोट दाखवलं.

त्या पायऱ्यांचं वर्णन मी नीट करू शकणार नाही. उंच-सखल दगड, सावली नाही, एका बाजूला ताली, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. माझे गुडघे दुखतात, पण त्या दिवशी दुखल्याचं आठवत नाही. उतरणाऱ्या प्रत्येकाला फोनवरचा फोटो दाखवत होते. बरेच जण मान हलवायचे. मग काठ्या घेऊन उतरणारं एक वयस्क जोडपं थांबलं. बाई म्हणाली, "हो, पांढरी टोपी. भिंतीवर बसले होते. आम्ही नमस्कार केला, त्यांनी उत्तर दिलं नाही."

"कधी?"

नवराबायकोनं एकमेकांकडं बघितलं. "आम्ही वर जात होतो तेव्हा. दोन तास झाले असतील."

आमचे हे वाटेवरच्या कुत्र्याशीसुद्धा दोन शब्द बोलतात. नमस्काराला उत्तर दिलं नाही म्हणजे शुद्ध हरपत होती. पुढच्या पायऱ्या मी मोजल्या नाहीत. भिंत आली, भिंतीवर कुणी नव्हतं. मी काठावरून खाली वाकून बघितलं. वेली, दगड, तो रूळ. "आवं" म्हणून हाक मारली. तीस वर्षांत त्यांचं नाव घेतलं नव्हतं, तेव्हा नावानं मारली. "धनपाल." दोनदा, तीनदा.

खालच्या तालीवरून उत्तर आलं ते बाईच्या आवाजात. "सिन्योरा." म्हणजे बाई. काळा झगा घातलेली एक म्हातारी मला हातानं खाली बोलावत होती.

दगडी खोपटात, अवजारांच्या मधोमध, पोत्यांवर हे पडले होते. कपाळावर ओला टॉवेल. डोळे उघडे होते. जवळ एक म्हातारा टोपलीवर बसून यांच्या चेहऱ्याला वारा घालत होता. मी गुडघ्यावर बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओळखलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं:

"पद्मा, मध चारला गं हिनं मला."

म्हातारीच्या हातात अजून चमचा होता.

जैन नसलेल्या वाचकांसाठी सांगते. मद्य, मांस आणि मध या तीन गोष्टींचा त्याग ही आमच्यातली पहिली पायरी. यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी मुनिमहाराजांसमोर तो नियम घेतला होता, शेजारी आई उभी असताना. त्यानंतर खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचल्याशिवाय घेतलं नाही.

मी बिस्किटं भरवली. थोड्या वेळानं वरच्या वाडीतून एक परिचारिका आली, म्हाताऱ्यानं फोन केला होता. तिनं बोटातून रक्त काढून साखर बघितली आणि इंग्रजीत म्हणाली, "आता ठीक आहे. ही आजी सांगते, वर भिंतीवर ते घामानं भिजले होते, भलतंच बोलत होते, म्हणून दोघांनी धरून खाली आणलं. तिच्याकडं मधाशिवाय गोड काही नव्हतं. आणखी उशीर झाला असता तर मी आले नसते, हेलिकॉप्टर आलं असतं."

मी म्हातारीचे हात धरले. तिचे तळवे माझ्यासारखेच खरखरीत होते, छाटणीच्या कात्रीनं पडलेले घट्टे. ती भराभर काहीतरी बोलली आणि माझ्या गालावर थापट मारून हसली. संध्याकाळी उरलेल्या पायऱ्या सावकाश चढून आम्ही वोलास्त्राहून छोट्या बसनं खाली आलो. तुम्हीही चढण्याऐवजी बसनं वर जा आणि पायऱ्या उतरा. काचेवरचा कागद स्टेशनवरच्या बाईनं मला परत दिला आणि यांना बघून कपाळावर हात मारला.

फ्लॉरेन्स आणि रोम आम्ही ठरल्याप्रमाणे केलं. घुमट बघितले, पुतळे बघितले. रोममध्ये रस्त्यावरच्या नळांचं पाणी गार आणि फुकट मिळतं, बाटली सोबत ठेवा. पण यांचं ध्यान त्यात नव्हतं. एका कारंज्याच्या कट्ट्यावर बसलो असताना म्हणाले, "मला चव कळत हुती. तोंड मिटता आलं असतं."

"मिटलं असतं तर?"

"तेच म्हणतोय. मिटलं न्हाई मी."

"बरं केलं."

"तुला बरं. आईला काय सांगू?"

मी म्हटलं, सांगू नका. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. पिशवी माझ्या खांद्याला होती. 'मग जावा' हे शब्द माझे होते. तेही मी त्या कट्ट्यावर बोलून टाकलं. ते म्हणाले, "पिशवी मागायची अक्कल मला बी हुती की." एवढंच. पण त्यानंतर दोघं जरा मोकळे झालो आणि रोमच्या शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी नदीतल्या बोटीची चौकशी केली.

घरी पोचलो त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत, कान तिखट आहेत. ओसरीवर त्यांच्यासमोर बसून यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता रडारड होणार.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती म्हातारी कोण हुती?"

"शेतकरीच हुती. आपल्यावानी. द्राक्षं हायत त्यांची."

"नाव काय तिचं?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

"इचारलं न्हाई, आई."

"मधाचं महाराजांना इचारू, ते सांगतील तसं कर," सासूबाई म्हणाल्या. "पर जिनं तुला जिता धाडला, तिचं नाव न इचारता आलास व्हय रं?"

महाराजांनी सांगितलेले उपास डॉक्टरांना चालतील तसे वाटून यांनी पुरे केले. ती गोष्ट संपली. दुसरी, नावाची, तशीच आहे. सासूबाईंनी त्या म्हातारीसाठी स्वतःच्या हातानं निवडलेल्या बेदाण्यांची पेटी आमच्या कपाटात पडून आहे, वर नाव घालायचं बाकी.

म्हणून हे लिहायला बसले. तुमच्यापैकी कोणी मानारोलाहून वोलास्त्राला जाणार असेल, तर अर्ध्याहून जास्त वाट झाल्यावर उजव्या हाताला बसता येईल अशी रुंद भिंत लागते. तिच्या खालच्या तालीवर पत्र्याच्या दाराचं दगडी खोपट आहे. तिथं काळ्या झग्यातली म्हातारी असेल. तिला एवढंच सांगा की पांढऱ्या टोपीवाला बरा आहे, आणि तिचं नाव विचारून मला कळवा.