रेशनकार्डावरची बहीण

रतनबाई माझ्या वकिलीच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा बाकड्याच्या अगदी टोकावर बसल्या, आणि पाच मिनिटांत तीनदा उठून एसटीची वेळ विचारून आल्या. घर शनिशिंगणापूरला. तिथल्या घरांना दारंच नसतात, मग कुलूप कुठलं? आपण इकडं नेवाशात आणि तिकडं पुतण्या गोरक्षनाथ सामान आणून राहायला लागला तर, या धसक्यानं त्यांना चहा गिळवेना.

रतनबाई ज्याच्यासोबत राहत होत्या तो मच्छिंद्र वारल्यापासून गोरक्षनाथाचं एकच पालुपद होतं. घर चुलत्याचं, ही बाई कोण? वार वर्मी बसायचा, कारण लग्न झालंच नव्हतं. रतनबाई पहिल्या नवऱ्यामागं ऐन तिशीत विधवा झालेल्या, आणि मच्छिंद्रच्या आईला विधवा सून नको होती. म्हातारी असेपर्यंत थांबू, असं दोघांनी ठरवलं. म्हातारी नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिली. त्यानंतर या वयात बाशिंग कसलं बांधायचं म्हणून राहूनच गेलं. एका चुलीवर सव्वीस वर्षं निघाली.

मी त्यांना धीर दिला. नवराबायको म्हणून इतकी वर्षं राहिलात, तर लग्न झालं असं कोर्ट धरून चालू शकतं, असं सांगितलं. मग रेशनकार्ड उघडलं आणि माझंच अवसान गळालं. नात्याच्या रकान्यात ‘बहीण’ लिहिलं होतं.

“मीच सांगितलं हुतं,” त्या खालमानेनं म्हणाल्या. “मागं रांगेत समदं गाव उभं. काय सांगू?”

राग आला मला त्या रांगेचा.

घराच्या दाव्यातल्या साक्षीच्या दिवशी शेजारच्या छबूबाईंना घरात बसवून त्या कोर्टात आल्या. गोरक्षनाथाच्या वकिलांनी कार्ड पुढं धरलं आणि अगदी साधा प्रश्न विचारला. यावर कुटुंबप्रमुख म्हणून कोणाचं नाव आहे?

रतनबाई गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. साक्षीदार उत्तर टाळतायत, असं वकील म्हणाले. दोन दिवस मी त्यांची तयारी करून घेतली होती. पण तेव्हा दर वेळी नाव मीच घेत होतो, हे मला तिथं उभं राहिल्यावर उमगलं.

न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. भावाचं नाव सांगायला एवढं अवघड काय आहे, असं त्यांनी विचारलं.

रतनबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

“मालकाचं नाव कसं घिऊ, बाई?”