न पिणाऱ्याचं परमिट

अकोल्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली तीन अर्जनवीस बसत. त्यांतल्या दोघांचे अर्ज त्रुटी काढून परत येत आणि देवमन तायड्यांचे मंजूर होत. देवमनजींजवळ काही जादू नव्हती. पत्र्याची एक पेटी होती, दोन दौती होत्या आणि एक अक्षर होतं. ते अक्षर इतकं सरळ आणि सोज्वळ, की त्या अक्षरात खोटं लिहिलेलं असेल अशी शंका घ्यायची साहेबालाच लाज वाटावी. "कागद बोलला पाह्यजे," असं ते म्हणत. "मानूस काय, काहीबी बोलते."

हा माणूस अंजनगाव सुर्जीकडच्या एका खेड्यातला. बापाला गावच्या विहिरीवर पाणी भरायची मनाई होती. का, तर कोणत्यातरी जुन्या कागदात तसं आहे म्हणे. तो कागद बापाला कधी कुणी दाखवला नाही. मुलगा कागदांच्या मागे लागला तो तेव्हापासून. इंग्रजी चौथीपर्यंत शिकला, अकोल्याला आला, निंबाखाली बसला. छप्पन साली बायको पंचफुलाबाईंना घेऊन नागपूरला गेला, लाखोंच्या गर्दीत उभा राहून बौद्ध झाला आणि पाच शीलं घेऊन परत आला. पाचवं शील दारूचं. देवमनजी त्याआधीही पीत नव्हते, पण आता न पिण्याला नियमाचा आधार मिळाला, याचा त्यांना फार आनंद झाला.

आणि अशा माणसाच्या नशिबी सरकारनं दारूचंच खातं लिहून ठेवलं होतं.

झालं असं, की साठ सालच्या पुढेमागे वऱ्हाडातली दारूबंदी चांगली कडक होती. कडक म्हणजे ज्याला हवी त्याला दारू मिळत होती, फक्त आधी आजारी पडावं लागे. डॉक्टरांनी लिहून द्यायचं, की या गृहस्थास व्यसन इतकं जडलं आहे की दारू तोडली तर प्रकृतीस अपाय होईल. मग परमिट. मग परवानाधारक दुकानात जाऊन तो कागद दाखवायचा आणि महिन्याचा ठरलेला कोटा घेऊन यायचा. अकोल्यातले धट्टेकट्टे व्यापारी, सरकी दळून खाल्ली तरी पचवतील असे, देवमनजींसमोर उकिडवे बसून आपल्या दुखण्याचं वर्णन करू लागले. देवमनजी ते सुवाच्य अक्षरात लिहीत. सहा वर्षांत त्यांनी लिहिलेला एकही परमिटाचा अर्ज नामंजूर झाला नाही. निम्मं शहर त्यांनी कागदोपत्री अंथरुणाला खिळवलं होतं.

अर्जांपाठोपाठ दुकानदार आले. त्यांची अडचण निराळी होती. मुंबईहून दर पंधरा दिवसांनी नवं परिपत्रक निघे, ते इंग्रजीत कचेरीच्या फळीवर लागे, आणि ते वाचलं नाही म्हणून दुकानदाराला नोटीस येई. मग देवमनजींनी एक खबरपत्र सुरू केलं. फळीवरचा कागद वाचायचा, मराठीत उतरवायचा आणि कार्बन घालून सहा प्रती काढायच्या. चार अकोल्यात, दोन अमरावतीला. सहावी प्रत इतकी पुसट निघे, की अमरावतीचा तो दुकानदार वर्षानुवर्षं निम्मेच नियम पाळत होता, आणि त्याचं काही बिघडलंही नाही.

खबरपत्रात काय नसे? दुकान कोणत्या दिवशी बंद ठेवायचं. पाटीवर काय लिहायचं नाही. नोकर ठेवायचा तर त्याचं नाव कचेरीत कधी कळवायचं. एकदा आलं, की दाराला पडदा हवा आणि तो असा हवा की आतल्या गिऱ्हाइकाचं तोंड रस्त्यावरून दिसू नये. पायांबद्दल परिपत्रक गप्प होतं, म्हणून दुकानदारांनी गुडघ्यापर्यंतच कापड घेतलं. त्यानंतर जठारपेठेतल्या बायका आपापला नवरा चपलेवरून ओळखू लागल्या. प्रत्येक खबरपत्राच्या तळाशी देवमनजी एक ओळ न चुकता लिहीत: 'वरील मजकूर कागदावरून. लिहिणाऱ्याचे मत नाही.'

खबरपत्र द्यायला ते स्वतः जात. केशवरावांचं दुकान सगळ्यांत मोठं. देवमनजी सायकल भिंतीला लावत, पायरीवर बसत आणि तिथूनच वाचून दाखवत. उंबरा ओलांडत नसत. सायकलला पितळी तांब्या बांधलेला असे. तहान लागली की त्यातलं घरचं पाणी पीत. केशवराव आधी हसले, मग चिडले.

"देवमनजी, आमच्या मटक्यातलं पानी तरी घ्या नं. पान्यात काय टाकलं आमी?"

"पान्यात काही नाही, केशवराव. माह्या नेमात नाही."

केशवराव जातीनं मोठे. ज्याच्या बापाच्या ओंजळीत त्यांच्या बापानं वरून पाणी ओतलं असतं, तो आता त्यांच्या मटक्याला नाही म्हणत होता, आणि तेही हात जोडून! चारचौघांत हे सांगायची सोय नव्हती. पण त्यांच्या मनात ते कुसळासारखं राहिलं, आणि मी म्हणतो, राहू द्या. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या मनात राहिलंच होतं की.

असं सगळं सुरळीत चाललं असताना देवमनजींची मुलगी कौशल्या लग्नाची झाली. ट्रेनिंग करून मास्तरीण झालेली, बोलायला बापाहून चार पावलं पुढे. भातकुलीच्या पुंजाजींचा मुलगा पोस्टात होता. त्यानं एका सभेत कौशल्येला बोलताना ऐकलं होतं आणि घरी जाऊन सांगितलं होतं, की करीन तर हिच्याशीच. कौशल्येनंही नाही म्हटलं नव्हतं, आणि ती नाही म्हणत नाही हीच मोठी बातमी होती. सगळं जुळत आलं आणि पुंजाजींचं कार्ड आलं.

पुंजाजी मोठे नेमाचे. पाच शीलं तोंडपाठ, त्यांतलं पाचवं शील जरा मोठ्यानं म्हणणारे. कार्डात तीनच ओळी होत्या. 'तुम्ही दारूच्या दुकानावर नेहमी दिसता, असे कानी आले. आमच्या घरात चालत नाही. येत्या रविवारी येतो, खुलासा करावा.'

दुसरा एखादा बाप असता तर म्हणाला असता, या, बसा, बोलू. देवमनजींनी 'खुलासा करावा' हे दोन शब्द वाचले आणि त्यांची पाठ ताठ झाली. खुलासा म्हटला की कागद जोडावा लागतो.

"काहून कागद?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "म्या सांगतो नं त्याइले. बावीस वर्सं झाले तुमचा वास घेऊन राहिली मी."

"तू बायको हायेस. तुह्या सांगन्याले कोन पुराव्यात धरते?"

आणि मग त्यांच्या ध्यानात एक भयंकर गोष्ट आली. पिणाऱ्याला सरकारचा कागद मिळतो. न पिणाऱ्याला काहीच मिळत नाही! दारूबंदीच्या राज्यात दारुड्यांची जाडजूड यादी होती, कोटा होता, शिक्के होते. आणि आयुष्यभर कोरड्या राहिलेल्या माणसाजवळ चिटोरंसुद्धा नव्हतं. देवमनजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना नियमातली एक फट सापडली. अर्जदारास व्यसन नाही असं डॉक्टरांना आढळलं, तर परमिट नाकारायचं आणि कारण लेखी द्यायचं. बस्स! 'अर्जदारास दारूचे व्यसन नाही', खाली सही, शिक्का. अख्ख्या मुलखात याहून पक्का दाखला नव्हता. तो मिळवायचा तर परमिटासाठी अर्ज करायचा आणि नापास व्हायचं.

सहा वर्षं दुसऱ्यांना पास करणारा माणूस स्वतः नापास व्हायला निघाला. अर्जात त्यांनी सगळं खरं लिहिलं. व्यसन: नाही. कधीपासून: कधीच नाही. न मिळाल्यास प्रकृतीस अपाय: काहीही नाही. नेहमीच्या त्याच सरळ, सोज्वळ अक्षरात लिहिलं, घडी घातली आणि नेऊन दिलं.

तिथेच घोळ झाला. तपासणारे डॉक्टर सज्जन होते आणि सज्जन माणसांसारखेच कामानं वाकलेले होते. त्यांच्यापुढे अर्जांचा गठ्ठा आला. त्यांनी वरचा कागद पाहिला, अक्षर ओळखलं आणि कारकुनाला म्हणाले, "देवमनचा हाये नं? मंग त्यात पाहाचं काय?" आणि सही केली. इतक्या वर्षांत जमवलेली अब्रू अशी कामी आली.

शनिवारी शिपाई परमिट घेऊन घरी आला. नाव, वय, राहणार अकोला, आणि खाली छापील ओळ: धारकास मद्याचे व्यसन असून प्रकृतीच्या कारणास्तव. शिपायानं अभिनंदनही केलं. देवमनजींनी परमिट उलटंपालटं करून पाहिलं.

"चुलीत घाला ते," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"सरकारी कागद हाय."

"मंग पेटीत लपवा. उद्या ते लोकं येऊन राहिले."

"खुलासा मांगितला त्याइनं. खुलाशात कागद लपवला त काय खुलासा झाला तो?"

कौशल्या दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण जीभ शाबूत होती. "बाबा," ती म्हणाली, "लोकं पिऊन पिऊन बेवडे होतेत, तुमी अर्ज करून झाले." आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला नाही, आणि तेच देवमनजींना सहन होईना. पोरीचं ठरलेलं लग्न त्यांनी स्वतःच्या हातानं, शाईनं, शुद्ध मराठीत मोडून ठेवलं होतं.

रविवारी पुंजाजी एकटेच आले. उंच, काटकुळे, पांढरं धोतर. पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. देवमनजींनी हात जोडले आणि परमिट त्यांच्यापुढे ठेवलं.

"हा कागद खोटा हाय," ते म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा असं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. मग त्यांनी सगळं सांगितलं: दाखल्याची हौस, नामंजूर व्हायची खटपट, डॉक्टरांची सही. सांगता सांगता त्यांना कळत होतं, की हे कुणाच्याही गळी उतरणार नाही. निंबाखाली एखाद्या पक्षकारानं असं सांगितलं असतं, तर त्यांनीच म्हटलं असतं, भाऊ, कागद काय म्हनते ते पाहा.

"माह्यापाशी दुसरा पुरावा नाही," ते शेवटी म्हणाले. "मी म्हनतो तेवढंच हाय."

पुंजाजींनी परमिट वाचलं. परत वाचलं. घडी घालून खाली ठेवलं.

"मी सकाळच्या गाडीनं आलो," ते म्हणाले. "पयले त्या केशवरावाच्या दुकानावर गेलो. त्याले पुसलं, देवमन तायडे किती पिते?"

आतल्या दाराची कडी हलली.

"त्याले लय राग आला. मले म्हने, त्या देवमनच्या पियाची गोष्ट करता? सहा वर्सं झाले, मानूस माह्या पायरीवर बसते, पन माह्या मटक्यातलं पानीसुद्धा घेत नाही! घरून तांब्या आनते! एवढा अपमान माहा कोनी केला नाही, म्हने." पुंजाजी पहिल्यांदा हसले. "दारूवाला शिव्या देऊन राहिला, आनि मी ऐकून राहिलो. म्हटलं, आपल्याले याहून मोठा दाखला कोन देईन?"

मग त्यांनी बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. पंचफुलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. देवमनजींना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी परमिट उचलून उगाच पुन्हा घडी घातली. हुंदका आला तो त्यांनी घडीवर दाबून धरला.

लग्न वैशाखात झालं. परमिटाचं काय झालं ते सांगायला हवं, कारण सरकारी कागद आपोआप मरत नाही. देवमनजी ते परत करायला गेले. कारकून म्हणाला, परत घेतो, पण व्यसन सुटल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. तोही अर्ज देवमनजींनी लिहिला, आणि तोही वाचल्याशिवाय मंजूर झाला. तेव्हा सरकारी दप्तरात आजही नोंद असेल, की अकोल्याचे देवमन तायडे पूर्वी फार पीत असत आणि पुढे निर्धारानं सुटले.

खबरपत्र मात्र चालू राहिलं. त्या महिन्याची प्रत घेऊन देवमनजी केशवरावांकडे गेले, पायरीवर बसले. केशवराव तोंड फिरवून गल्ल्यावर बसले होते. देवमनजींनी सायकलचा तांब्या सोडला आणि पहिल्यांदा दुसऱ्यापुढे धरला.

"घ्या, केशवराव. माह्या घरचं हाय. तुमच्या नेमात बसत असन त."

केशवरावांनी तांब्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. पडदा गुडघ्यापर्यंतच होता, रस्त्यावरून तोंड दिसणार नव्हतं. त्यांनी तांब्या घेतला आणि प्यायले. मग खबरपत्र उलगडून वाचू लागले. परिपत्रकाचा मजकूर नेहमीसारखाच होता, पण तळाची ओळ बदलली होती:

'वरील मजकूर कागदावरून. खरे-खोटे माणसाला विचारावे.'