जानूबायचं वादळ

रेडिओवर अरबी समुद्रातल्या वादळाचा इशारा लागला, की नाशिक रोडला जेलरोडवरच्या आमच्या बैठ्या चाळीत जानूबाय पत्र्यावर दगड चढवायला लागायची. समुद्र तिकडे घाटाखाली, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. इथे कुणाच्या दारातली तुळससुद्धा हलत नसायची. आणि ही बाई लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून शिडीवर. खालून तिची तीन पोरं दगड देणार, छापखान्यातून दमून आलेला नवरा मुकाट्याने काथ्याची दोरी ओढून पत्रे आवळणार. चाळ हसायची. "आधी पोट बांधा, मग घर बांधा," असं म्हणून ती हसणाऱ्यांच्याही हातावर गरम भाताचा गोळा ठेवायची.

मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.ए., बी.एड. हे मी कुणी न विचारताही सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. मी जानूबायला नीट समजावून सांगायचो. "वादळ जमिनीवर चढलं की त्याचा जोर मोडतो. मध्ये सह्याद्री आहे. इथे फार तर पाऊस येईल."

"बराबर हाय, गुरुजी," ती म्हणायची आणि पोरांकडे पुढचा दगड मागायची. सगळं गाव मला सर म्हणत असे, ही गुरुजी.

वादळ एकदाही आलं नाही. प्रत्येक वेळी मीच बरोबर निघालो, आणि प्रत्येक वेळी माणसं जमली ती तिच्या दारात.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माझं दुखणं आईचं होतं. वडील गेल्यावर आई नामपूरला थोरल्या भावाकडे राहायची. नोकरी लागली तशी माझी एकच हाव होती, की आईने माझ्याकडे राहावं आणि ते गावाने बघावं. ती यायची, दोन-चार दिवस भिंतीकडे बघत बसायची आणि गाठोडं बांधायची. "आठे माले करमत नही, बापू." मी लोखंडी खाट आणली, छताला पंखा लावला. आणीबाणी उठली त्या सुमारास आई जी आली ती राहिली. ती पंख्यामुळे राहिली, असं मी बरेच दिवस समजत होतो. त्याच महिन्यात शेजारच्या खोलीत जानूबायचं बिऱ्हाड आलं होतं.

जानूबाय उंच, काळी आणि दांडग्या आवाजाची. घरातही ती अशी बोले, जणू समोरचं माणूस दुसऱ्या होडीत बसलंय. सकाळची बुद्धवंदना आटोपली की आई तिच्याकडे. एक अहिराणीत बोलायची, दुसरी पालघरकडच्या कोळ्यांच्या बोलीत, आणि दोघींना सगळं कळायचं. जानूबायच्या सासरी कोणाला दमा आहे, कोणाची सोयरीक मोडली, हे आईला पाठ होतं. त्यांच्या होडीचं नाव तिला माहीत होतं. माझ्या शाळेचं नाव माहीत नव्हतं.

एका वर्षी इशारा जरा जबर होता. होड्या परत बोलावल्याचं रेडिओ सांगत होता. मी शाळेतून आलो तेव्हा जानूबायने धान्याचे डबे फळीवर चढवले होते, पिंपं भरली होती, पोरांच्या दाखल्यांचा डबा मेणाने बंद केला होता. आणि माझी आई, पदर खोचून, डोक्यावर दगडाचं घमेलं घेऊन तिच्या अंगणात उभी.

"आई, ठेव ते खाली," मी म्हणालो. "जानूबाय, म्हातारीला कशाला राबवता? इथे काय होणार आहे?"

"इथं कायच नाय होणार, गुरुजी. मला काय ठाव नाय?" ती शिडीवरूनच बोलली. "पण तिथं माजी सासू या वक्ताला घर आवळते, दीर होडी वर ओढतो. ते तिथं बांधतात आणि मी इथं दार उघडं टाकून पान खात बसू? हात रिकामा रायला का जीव घाबरतो."

मी आईला म्हणालो, "चल, जेवायला चल."

"तू जेवी ले," आई म्हणाली. "मी आठेच शे."

मी जेवायला बसलो. भिंत एका विटेची, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. आई सांगत होती, की मी नाशिकला परीक्षेला बसलो, की ती तिकडे कांद्याच्या खळ्यावर दुपारची भाकर सोडायची नाही. पोरगा पेपर लिहून बाहेर येईल, खाईल, मग आपण खायचं. चार वर्षं. जानूबाय म्हणाली, "मग तू बी आमच्यातलीच गो, आक्का." दोघी हसल्या. ती गोष्ट माझी होती, आणि आईने ती दिली शेजारणीला.

आठवड्याने जानूबायचा दीर सुकट घेऊन आला. तिकडच्या घराचं छप्पर गेलं होतं, माणसं सुखरूप होती. आईने एकेकाचं नाव घेऊन विचारलं, आणि मगच त्याला पाणी दिलं.

पुढे त्या दिराची कंबर धरली. होडीवर माणूस हवा म्हणून जानूबायच्या नवऱ्याने मुदतीआधीच नोकरी सोडली. ट्रकमध्ये सामान चढलं तेव्हा जानूबाय माझ्याकडे आली. "गुरुजी, आक्काला एकटी बसवू नका. तिला बोलायला माणूस लागतं."

"मी आहे ना," मी म्हणालो.

"तुमी हाव हो. पण तुमी शिकवता."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम आईजवळ बसलो. विचारलं, "माझ्या परीक्षेच्या वेळी तू उपाशी राहायचीस?" आईने माझ्याकडे पाहिलं. "कोन सांगं तुले?" म्हणाली आणि तोंड फिरवलं. मी शाळेतल्या चार गोष्टी सांगितल्या. तिने हूं हूं केलं. दुसऱ्या दिवशीही मी बसलो, तिसऱ्याही.

पंधरवडा झाला नसेल, मी शाळेतून आलो तर आई पायताण घालून ओट्यावर बसलेली. मी अडवलं नाही. नामपूरच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळवून दिली.

जानूबायचा मला अजून हेवा वाटतो. इतकी वर्षं मी गावात छाती फुगवून सांगत होतो, की आई माझ्याकडे असते. आई राहत होती जानूबायच्या शेजारी. खोली तेवढी माझी होती.