माफी कशाबद्दल, ते लिहा

"हात सोडा," मी म्हणाले.

टेबलावर झोपलेल्या गृहस्थांनी सोडला नाही. उलट हसले. "अवं मॅडम, येवढं काय त्यात? दार बंदच हाय की."

मी मसाज थेरपिस्ट आहे. कोल्हापुरातल्या एका वेलनेस सेंटरमध्ये अकरा वर्षं काम करते. हे गृहस्थ पेठ वडगावचे व्यापारी, पन्नाशीचे. कंबरदुखीसाठी तिसऱ्यांदा आले होते.

एक गोष्ट सरळ सांगते, कारण लोक विचारत नाहीत आणि मनात भलतंच धरतात. मसाज घेताना पुरुषाला उत्तेजना येऊ शकते. स्नायू सैल झाले की कधी कधी होतं. अंगावर काटा येतो तसंच, त्याच्या हातात नसतं. आम्ही त्याचा बोभाटा करत नाही. टॉवेल नीट करतो, पालथं व्हायला सांगतो, खांद्यांकडे जातो. गेल्या वर्षी एक तरुण पैलवान लाजून रडकुंडीला आला. "ताई, चुकलं," म्हणाला. मी म्हटलं, "होतं असं. पाय सैल सोड." तो अजून येतो.

या गृहस्थांचंही तसंच झालं होतं. मी टॉवेल सरळ केला, पालथं व्हायला सांगितलं. ते झाले नाहीत. माझं मनगट धरून स्वतःकडे ओढलं. हे आपोआप होत नसतं. हे माणूस ठरवून करतो.

मी हात हिसडून सोडवला, दार सताड उघडलं आणि रिसेप्शनपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "सेशन बंद. कपडे घाला."

आवाज खणखणीत निघाला.

थोड्या वेळानं मॅनेजरसरांनी केबिनमध्ये बोलावलं. "पावणं लई नाराज होऊन गेल्यात. गैरसमज झाला म्हणत्यात. फोनवर एक सॉरी म्हणा, विषय मिटवा."

"सर, त्यांनी माझा हात ओढला."

"व्हय, पण दार कशाला उघडायचं? चारचौघांत अब्रू गेली त्यांची."

"आणि माझी?"

"नोकरीचा इचार करा जरा."

केला. घरात कमावणारी मी एकटीच, मुलगी बारावीला. भीती वाटली. पण राग त्याहून मोठा होता. मी तक्रारींचं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.

"तुमच्या हातानं लिहा, सर. क्लायंटनं हात ओढला, थेरपिस्टनं दार उघडलं, म्हणून थेरपिस्ट माफी मागते. खाली मी सही करते."

त्यांनी 'क्लायंटनं' एवढं लिहिलं. मग पेन खाली ठेवलं.

ते पेन मी उचललं, घडलं तसं लिहिलं, सही केली. शेजारच्या रूममधली सुवर्णा दारात उभी होती. ती आत आली. "मागच्या खेपेला ह्यो माझ्याकडं हुता. मी गप बसले," म्हणाली, आणि माझ्या खाली तिनंही लिहून सही केली.

दोन सह्यांपुढे सरांचं काही चाललं नाही. त्या माणसाचं बुकिंग कायमचं बंद झालं. "इथनं पुढं तुम्ही फक्त लेडीज क्लायंट घ्या," सर म्हणाले.

"शिक्षा मला का? मी सगळे क्लायंट घेणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच क्लायंट पुरुष होता. पाठ आखडलेली. मी घेतला.

नव्या मुलींना मी आता पहिल्या दिवशी 'सेशन बंद' मोठ्यानं म्हणायला लावते. तेल कसं लावायचं ते नंतर.