थांबाबाई

दवाखान्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव मार्थाबाई होतं, पण त्या नावाने हाक मारायची ती एकट्या डॉक्टरबाईंनी. बाकी सगळे त्यांना थांबाबाई म्हणत. इंजेक्शनची सुई टोचण्याआधी, बाळंतिणीला उठवून बसवण्याआधी, अगदी चुलीवरचं पातेलं उतरवण्याआधीसुद्धा त्या म्हणायच्या, "थांबा." मग क्षणभर डोळे मिटायच्या, ओठ हलायचे, आणि हात कामाला लागायचे. एखादा रोगी दंड पुढे करून वाट पाहत असायचा, डॉक्टरबाई घड्याळाकडे पाहायच्या, पण तो क्षण काही चुकायचा नाही. "वरच्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगाला हात कसा लावू?" असं त्यांचं म्हणणं.

मी तिथे आले ती स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी. धुळ्याजवळचा तो लहानसा मिशन दवाखाना, वीस-पंचवीस खाटांचा. माझं वय एकोणीस आणि कपाळ मोकळं. लग्नाला दीड वर्ष झालं नाही तोच नवरा विषमज्वराने गेला. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. आमचं माहेर जळगावच्या पूर्वेकडचं, केळी-कपाशीचं, खाऊनपिऊन सुखी; पण वहिनीच्या घरात विधवा नणंद किती दिवस खपते ते मला कळत होतं. धाकट्या भावाने कुठून तरी ऐकलं की मिशनवाले मुलींना नर्सिंग शिकवतात, राहायला खोली देतात. आईने रडून घेतलं आणि जाऊ दिलं. दारात मला घ्यायला आल्या त्या थांबाबाई. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. माझी ट्रंक उचलण्याआधी त्या थांबल्या तेव्हा मला वाटलं, म्हातारीला ओझं झेपत नसावं.

बाईंचं देवाशी बोलणं अहिराणीत चालायचं. प्लेगच्या साथीत आईबाप गेले, मिशनच्या अनाथाश्रमात वाढल्या, शुद्ध बोलायला शिकल्या, नवा करार वाचायला शिकल्या. डॉक्टरबाईंशी, रोग्यांशी त्या आमच्यासारखंच बोलत. देवाशी मात्र आईकडची भाषा. "बाप, तू आठे शे ना? मंग माले भीती नही." म्हणजे, बापा, तू इथे आहेस ना, मग मला भीती नाही. प्रायमस पेटत नसला तरी त्याला सांगायच्या, कुणाचा ताप उतरत नसला तरी त्यालाच. मी एकदा विचारलं, "बाई, स्टोव्हचं गाऱ्हाणं देवाला कशाला?" तर म्हणाल्या, "मग कुणाला सांगू? घरातल्या माणसाला घरातलंच सांगतात." चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत त्या गायच्या तेव्हा सूर पार भलतीकडे जायचा. पेटीवर बसणाऱ्या पाळकांच्या पत्नी मान वळवून पाहायच्या. बाईंना त्याचं काही नसायचं.

पहिले चार महिने मी त्यांच्या हातचं पाणीसुद्धा प्यायले नाही. खोलीतच वेगळी शेगडी मांडून दोन भाकऱ्या थापायची. त्यांनी कधी टोकलं नाही. मग मला हिवताप आला. तीन दिवस उठता येईना, शेगडी थंड. चौथ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर उशाशी सहा केळी. बाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "साल देवानेच घातलंय. आतल्याला माझा हात लागलेला नाही. खा." मी खाल्ली. त्या संध्याकाळी त्यांनी पेज करून आणली. तीही प्यायले, आणि शेगडी पुन्हा पेटवली नाही.

वॉर्डात त्यांची आणखी एक सवय होती. जाताजाता प्रत्येक खाटेपाशी विचारायच्या, "उद्या काय खाशील?" ज्याने दोन दिवस डोळे उघडलेले नाहीत त्यालाही विचारायच्या. डॉक्टरबाईंनी ज्याच्या घरच्यांना निरोप धाडलेला असायचा, त्यालाही. कुणी पुटपुटलं, "कळण्याची भाकरी," की दुसऱ्या दिवशी खरोखर करून आणायच्या. काहींच्या उशाशी ती तशीच वाळून जायची. मी म्हटलं, "तो वाचणार नाही हे तुम्हालाही माहीत होतं." बाई म्हणाल्या, "मला कुठे काय माहीत असतं? मला भाकरी करता येते."

आता ते सांगते, जे सांगायला मी हे लिहायला घेतलं.

पौषातली सकाळ होती, थंडी कडाक्याची. अमळनेरच्या वाटेवरच्या एका खेड्यातली कौतिकबाई नावाची शेतकऱ्याची बायको आदल्या दिवशी बाळंत झाली होती. मूल सातव्या महिन्याचं, मुलगी, मुठीएवढी. असल्या मुलाला कापसात गुंडाळून दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या रबरी पिशव्या ठेवायच्या. बाईंनी ते मला स्वतः शिकवलं होतं: पिशवीला जाड फडकं दुहेरी गुंडाळायचं, आणि ठेवण्याआधी आपल्या गालाला लावून पाहायचं. त्या सकाळी नऊ वाजता माझी चाचणी परीक्षा होती. बाई पलीकडच्या खोलीत दुसऱ्या बाळंतपणात अडकलेल्या. मी पिशव्या भरल्या. एकीला फडकं गुंडाळलं. दुसरीचं फडकं ओलं होतं, ते तारेवर टाकलं; दुसरं शोधायला वेळ नव्हता. कापूस आहेच, असं मनाशी म्हटलं, पिशवी पायथ्याशी सारली आणि परीक्षेला पळाले. गालाला लावून पाहिली नाही.

परत आले तेव्हा वॉर्डात गलका चालला होता. मुलीचा डावा पाय भाजला होता. टाच आणि दोन बोटं. आई तापात उठून बसली होती आणि एकसारखी विचारत होती, "मनी पोरले काय व्हयनं?" डॉक्टरबाई पाय बांधत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ही पिशवी कोणी ठेवली?"

मी दारात उभी होते. "मी" एवढंच म्हणायचं होतं. पण त्या क्षणी मला वहिनीचं घर दिसलं, चुलीपाठची माझी जागा दिसली. खाटेच्या पलीकडून थांबाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, आणि जरा जास्तच वेळ मिटून ठेवले. ती वेळ त्या मला देत होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. मी खाली फरशीकडे पाहत राहिले.

"वॉर्ड माझा होता, बाई," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाई कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी दोनदा विचारलं. बाईंनी दोनदा तेच उत्तर दिलं. पंचवीस वर्षं रोग्यांत वावरलेल्या त्या बाईला वॉर्डातून काढून मागे चादरी उकळण्याच्या भट्टीवर पाठवलं. कौतिकबाईने सगळ्यांदेखत त्यांच्या अंगावर हात टाकला. तोंडाला येईल ते बोलली, वांझोटी म्हणाली. बाईंचं एकुलतं मूल दोन वर्षांचं होऊन गेलेलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मी तिथेच होते.

पुढे दीड वर्ष मी त्या दवाखान्यात काढलं. भट्टीवरून जाणं टाळायची. बाई दिसल्याच तर विचारायच्या, "अभ्यास होतो ना?" त्यांच्या हातांना फोड आलेले असायचे. दर रविवारी उपासना झाली की त्या एस.टी.ने कौतिकबाईच्या खेड्यात जायच्या, मुलीच्या पायाला तेल लावायला, बोटं आखडू नयेत म्हणून हलवून द्यायला. पहिले कितीतरी रविवार कौतिकबाईने दार उघडलं नाही. बाई ओट्यावर बसून राहायच्या आणि शेवटच्या गाडीने परत यायच्या. हे मला दवाखान्याच्या गाडीवानाकडून कळलं. मी ऐकलं आणि पुस्तकात मान घातली. परीक्षेत पहिली आले.

मग जळगावला सरकारी नोकरी लागली. दर नाताळाला बाईंचं कार्ड यायचं, मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत. माझ्या तब्येतीची चौकशी, आणि खाली मुलीची एक ओळ. "लीला भिंत धरून उभी राहिली." "लीला चालते. थोडी लंगडते." "लीलाला शाळेत घातली." त्या ओळींत टोमणा शोधायचा मी फार प्रयत्न केला. सापडला असता तर बरं वाटलं असतं. एकाही कार्डाला मी उत्तर पाठवलं नाही.

पिशवीच्या त्या सकाळनंतर सहा वर्षांनी कामानिमित्त धुळ्याला जावं लागलं, तेव्हा पाय आपोआप तिकडे वळले. बाई चर्चच्या मागच्या एका खोलीत राहत होत्या. पाय सुजलेले, पण डोळे तेच. मला पाहून म्हणाल्या, "बस. चहा ठेवते." मी बसले नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, ती पिशवी मी ठेवली होती."

"माहीत आहे, पोरी. फडकं तारेवर वाळत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू बोलशील. एक दिवस वाट पाहिली, चार दिवस पाहिली. मग वाटलं, आता ही बोलली तर हिला घरी पाठवतील, आणि तिकडे हिचं काही खरं नाही. म्हणून त्याच्यावर सोपवलं."

"मला माफ करा."

"ते झालं की." बाई स्टोव्हला पंप मारत होत्या. "एकदा करून भागलं नाही, खरं सांगते. रोज संध्याकाळी नव्याने करावं लागलं. हाताचे फोड दुखले की परत राग यायचा. पण झालं. आता त्याचं काय? माझं काही भाजलं नाही. भाजला त्या लेकराचा पाय. तिच्या आईला सांग. मीही अर्धंच खरं बोलले होते, तेवढं माझ्याही पदरात आहे. दोघी मिळून जाऊ."

मी म्हटलं, "जाऊ."

"कधी?"

"पुढच्या खेपेला नक्की."

त्यांनी स्टोव्ह बंद केला. चहा गाळला, बशीत ओतून माझ्यापुढे ठेवला. मी पिऊन जळगावची गाडी पकडली. त्या उन्हाळ्यात पाळकांचं पत्र आलं की बाईंचं आता थोडंच उरलंय, येऊन जा. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. शवपेटीवर झाकण बसलेलं होतं.

दफनाला चर्चच्या मंडळीतली तीसएक माणसं होती. बाजूला, जरा अंतर राखून, एक शेतकरी बाई उभी होती आणि तिच्या बोटाला धरून सहा-सात वर्षांची मुलगी. मुलगी डाव्या पायावर भार न देता उभी होती. मी लगेच ओळखलं. पाळकांची प्रार्थना झाली, लोकांनी मूठमूठ माती टाकली. सगळ्यात शेवटी कौतिकबाई पुढे आली. माती टाकून वाकली आणि कुणी जिवंत माणूस समोर असल्यासारखं म्हणाली, "तुनावर मना राग नही शे आते, माय. कधीचाच नही."

ते ऐकलं आणि मला तिथे उभं राहवेना. जिने काही केलंच नव्हतं तिला ही माफ करत होती, आणि जिने केलं ती चार हातांवर स्वच्छ लुगड्यात उभी होती. लोक पांगू लागले. मी पुढे झाले आणि म्हणाले, "कौतिकबाई, तुमच्या मुलीचा पाय मी भाजला. बाईंनी नाही. त्या सकाळी पिशवी मी ठेवली होती."

तिने लीलाचा हात सोडवला आणि ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, हात उगारेल. तसं झालं असतं तर मी मान खाली घालून सोसलं असतं. पण तिचा चेहराच पडला. ती तिथेच ताज्या मातीपाशी खाली बसली.

"मी तिला वांझोटी म्हटलं होतं," ती म्हणाली. "पहिलं वर्षभर दाराशी उन्हात बसवलं. पाणी विचारलं नाही. ते आता मी कुणाकडे जाऊन परत घेऊ?"

सहा-सात वर्षं मी हिच्याशी एक शब्द बोलले नाही, त्याचं ओझं मी एकटी वाहते आहे असं मला वाटत होतं. त्यातलं निम्मं मी हिच्या डोक्यावर ठेवलं होतं आणि हिला ठाऊकही नव्हतं. मी तिच्याशेजारी मातीत बसले. लीला बाजूला ढेकळं फोडत बसली.

उठताना मी म्हणाले, "मला माफ करा असं म्हणायचं तोंड नाही मला."

कौतिकबाई पदर झटकत म्हणाली, "मला इतक्यात जमायचं नाही. ती असती तर तिलाच विचारलं असतं, हे कसं करतात."

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लीलाचा पाय मी जळगावच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवला. बोटं सुटी झाली, लंगडणं पुरतं गेलं नाही. ती शिकली, तिचं लग्न झालं, पाचोऱ्याला दिली आहे. मी वर्षातून एकदा त्या खेड्यात जाते. कौतिकबाई दार उघडते, घोंगडी टाकते, पीकपाण्याचं, लीलाच्या मुलांचं सांगते. कधीकधी आम्ही दोघी बाईंविषयी बोलतो. निघताना ती कोपऱ्यापर्यंत सोडायला येते. तो शब्द तिने अजून उच्चारलेला नाही. मीही मागितलेला नाही. पण गेल्या खेपेला एस.टी. सुटताना ती खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी थंडीच्या आधी ये. तुला या वयात गारठा सोसायचा नाही."