कॉन्करचा माग

मूल गावाजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे मागमास्तर कुठल्याच शब्दाचा अर्थ सरळ सांगत नसत. शब्द आला कुठून, त्याचा माग आधी काढायचा. अर्थ नंतर, वेळ उरला तर. तो बहुधा उरत नसे. पोरांनी ठेवलेलं नाव त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं. मी नागपूरहून नवा आलेला मास्तर, परीक्षेपुरतं शिकवणारा. मला हा सगळा रिकामा उद्योग वाटे.

एकदा फळ्यावर ‘कॉन्कर’ आला. पोरं ओरडली, “जिंकणे!”

“ते मागून आलं,” मास्तर म्हणाले. “मूळ लॅटिनमधी त्याचा अर्थ शोधणं. पुरता शोध घेणं. मंग हाती येणं, मंग जिंकणं. हाती यायच्या आधी कोणी जिंकलो म्हणाला, तं मले भेव वाटते.”

हे फळ्यापुरतं नव्हतं. धानात शिरणाऱ्या डुकरांसाठी त्यांच्याकडे भरमार होती, एका बाराची बंदूक. डुक्कर जखमी होऊन पळालं की ते सापडेपर्यंत मास्तर शाळेत येत नसत आणि त्यांचे तास माझ्या गळ्यात पडत. मी कुरकुरत घेई.

तेव्हा वाघाच्या शिकारीला परवाना मिळत असे. मोहाची फुलं गळण्याच्या दिवसांत शहरातून एक पाहुणा शिकारी आला. त्याच्या गोळीनं वाघ कोसळला, उठला आणि बांबूच्या रांजीत, त्या दाट बेटात शिरला. लगेच ढोल वाजले, पाहुण्याच्या गळ्यात हार पडला. “आत मेला असेल,” म्हणत तो जीपने निघून गेला. सांगायला लाज वाटते, त्या ढोलापुढे मीही नाचलो. मास्तर तेवढे रक्तापाशी वाकून बसले होते.

“पाय तुटला, जीव नाई गेला,” ते म्हणाले. “आता याले हरीण सापडत नाई, भाऊ. अन् सकाळी बाया मोहा वेचाले वाकतीन.”

घरोघरी जाऊन त्यांनी बायांना थांबवलं. तीन दिवस जंगलात कुणी गेलं नाही. रोज संध्याकाळी जंगलातून वाघाचं कण्हणं ऐकू येई, रोज थोडं अधिक जवळून. मोहा झाडाखाली सडत होता आणि पावसाळ्यात या घरांचं पोट त्याच्यावरच चालायचं. चौथ्या दिवशी बायांनी टोपल्या काढल्या.

“वाघानं नाई तं उपासानं मरू, मास्तर,” एक म्हातारी म्हणाली.

“एक सकाळ थांबा, बाई.”

मास्तर भरमार घेऊन एकटेच जंगलाकडे निघाले. मी नाल्यापर्यंत त्यांच्या मागे गेलो. “गोळी तुम्ही घातली नाही, मग तुम्ही का जाता?”

“घालणारा गेला ना घरी. तुमी वर्ग घ्या.”

थोड्या वेळानं एक बार ऐकू आला. आम्ही कुऱ्हाडी घेऊन धावलो. वाघ मेला होता. मास्तर त्याच्या शेजारीच पडले होते, छाती फाटलेली.

खाटेवर घालून त्यांना गावात आणलं. बाया रिकाम्या टोपल्या घेऊन भोवती उभ्या राहिल्या. मास्तरांचे डोळे उघडे होते, पण त्यांना दिसत नव्हतं.

“बाया मोहावर गेल्या?”

“गेल्या,” मी म्हणालो.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, टोपली डोक्यावर घेतली आणि जंगलाची वाट धरली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या निघाल्या. त्यांच्या पावलांचा आवाज मास्तरांना ऐकू आला असावा, असं मी आजही मानतो.